अमूर्त चित्रं काढणाऱ्याला डिझाइन आणि आर्किटेक्चरच्या कामांवर पोट भरता येतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पणजीला आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शिकते, फक्त अमूर्तच काढते आणि आता म्हणते, इंटिरियरची, इमारतींचीही कामं करीन. मी फोंड्याचा. बावीस वर्षं हेच करतोय. पोट भरतं, पण माझं तरी कॅनव्हासपेक्षा भिंतींनीच जास्त भरलं.

पहिली भिंत मिळाली ती किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात. जांभ्या चिऱ्यांची, वर सिमेंटचा गिलावा. स्टुडिओतल्यासारखंच अ‍ॅक्रिलिक चढवलं. जूनमध्ये पाऊस लागला, चिरे पाणी प्याले आणि गणपतीच्या चवथीपर्यंत माझं चित्र पापडासारखं सुटून खाली. उरलेले पैसे मागायला तोंड नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्या मेस्तांनी एवढंच विचारलं, "उदक भायर खंयच्यान सरतलें?" पाणी बाहेर पडणार कुठून, याचा विचारच मी केला नव्हता.

मग चुना शिकलो. आपल्या जुन्या देवळांतली कावी, म्हणजे भिंतीवरची लाल-पांढरी नक्षी, नीट बघायला लागलो. लाल थर खरवडला की आतला पांढरा चुना दिसतो, तीच नक्षी. सुटायला वर रंगाचा पापुद्राच नसतो.

मुलीला दिल्लीत ब्रिटिश कौन्सिलची दर्शनी भिंत जरूर दाखवा. इमारत चार्ल्स कोरियांची, म्हणजे आपली पणजीची कला अकादमी ज्यांनी बांधली त्यांचीच. भित्तिचित्र ब्रिटिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांचं. ते रंगवलेलं नाही, काळ्या कडप्प्यात आणि पांढऱ्या संगमरवरात बसवलेलं आहे. चित्रकाराला आर्किटेक्ट नकाशाच्या वेळीच भेटला तर असं काही होऊ शकतं. आम्हाला बोलावतात गिलावा झाल्यावर! माझ्या एका चित्राच्या बरोबर मध्यात स्विचबोर्ड आहे.

एक कायद्याची गोष्ट: 1972 च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. तिने तसं कार्ड छापू नये. आणि डिझाइनची फी मजुरी-सामानापासून वेगळी लावावी, ॲडव्हान्स घेऊनच स्केच दाखवावं. हे मी उशिरा शिकलो.

"सोफ्याला मॅच होईल असा निळा द्या" असं गिऱ्हाईक म्हणणारच. मी देतो, मला त्यात कमीपणा वाटत नाही. फक्त तो निळा घरच्या कॅनव्हासवर येऊ देत नाही. अमूर्त चित्रांचे मोठे चित्रकार वासुदेव गायतोंडे (आईवडील गोव्याचे, जन्म 1924, नागपूर) वर्षाला मोजकीच चित्रं करत. तेवढी सबुरी आपल्या खिशाला परवडत नाही, म्हणून मी पावसाळा राखून ठेवलाय. जून ते सप्टेंबर भिंतीचं काम घेत नाही, तेव्हा माझी स्वतःची चित्रं. सध्या तेच चाललंय. दोन पंखे लावलेत, तरी तैलरंग वाळत नाहीय.