रूम पार्टनर महिन्यापासून नीट बोलत नाही, मेसला येत नाही, झाडूवरून भडकतो आणि परत "तू नाराज आहेस का" विचारत राहतो. राग आहे की डिप्रेशन?

भाऊ, राग तुझ्यावर नसावा, हे डिप्रेशन आणि अँग्झायटीसारखंच जास्त वाटतंय. तरुण पोरांमध्ये ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून बऱ्याचदा बाहेर येतं, आणि झोप, भूक, मूड दोन आठवड्यांच्या वर बिघडलेलं असलं की डॉक्टर त्याच्याकडे आजार म्हणूनच बघतात. ते सारखं विचारणं पण त्यातलंच. थॉमस जॉइनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये कॉलेजच्या रूममेट्सवरच अभ्यास केला होता, त्यात स्वतःला कमी समजणारी डिप्रेशनमधली मुलं "मी तुला आवडतो ना, नाराज नाहीस ना" अशी सारखी खात्री मागत राहिली की पार्टनरला ती नकोशी वाटायला लागतात असं दिसलं, आणि तू टाळलं की त्याची भीती अजून वाढणार. म्हणून दहावेळा "नाही रे" म्हणण्यापेक्षा भांडण नसताना एकदा सरळ बोल, "तुला झोप नाही लागत ना, चल मी येतो सोबत". जळगाव-धुळ्याकडे राहत असाल तर दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मानसोपचार ओपीडी विचारा, एकट्याला पाठवू नको. लगेच जमत नसेल तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. भाडं न् झाडूची पाळी पूर्ण माफ करू नको, नाहीतर तूच आतून वैतागशील, हलकं काम दे त्याला. अर्थात तपासल्याशिवाय नक्की कोणी सांगू शकत नाही, पण जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर त्याने शपथ घातली तरी त्याच दिवशी घरच्यांना फोन कर आणि रात्री त्याला एकटं सोडू नको.