इंजिन बोटीत बसलं, पण त्याला वाटतंय आपण अजून गाडीतच आहोत

जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, हाताला काम नाही, मग डोक्यात नको ते प्रयोग येतात. या वेळची पत्रं बघून तरी मला असंच वाटलं. तीन पत्रं घेतलीयत, पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यात बाकी दहा जणांचे प्रश्न पण उरकतात.

प्रश्न : दादा, माझी २२ फुटी फायबरची होडी आहे. जुनं इंजिन गेलं म्हणून भंगारातून अपघात झालेल्या स्विफ्टचं १.३ डिझेल घेतलं, मरीन गिअर जोडला, कुलिंगचं पण केलं. आधी सुरू होऊन लगेच बंद पडायचं, मग मेकॅनिकने कुठून तरी इमोबिलायझरचं, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचं, काम करून आणलं. आता चालू होतं पण हजार-बाराशेच्या वर उठतच नाय, लिव्हर कितीपण ओढा. ॲक्सिलेटरचं पेडल नव्हतं म्हणून एका मित्राने रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं बटण बसवून दिलंय. पंप बदलू काय? – एक वाचक, मालवण

उत्तर : पंपाला हात लावू नका भाऊ! तुमचा पंप बहुतेक ठणठणीत असणार, आणि कॉमनरेलचा (सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीचा) पंप आणि इंजेक्टर ही बंदरावर पान्याने खोलायची गोष्ट नाहीच, त्या पाइपात हजार बारच्या वर प्रेशर असतं, चालू इंजिनाची नळी सैल केली तर डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

आधी एक साधी गोष्ट बघा. गिअर न्यूट्रलला असताना पण इंजिन तिथेच अडतंय का? न्यूट्रलला छान उठतं आणि गिअर टाकल्यावरच दम टाकतं, असं असेल तर वायरिंग सोडा, पाण्यातला पंखा (प्रोपेलर) मोठा आहे. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या साधारण घनात वाढते, म्हणजे आरपीएम दुप्पट तर लोड आठपट. गाडी रस्त्यावर असं कधी करत नाही. पण हजार-बाराशेवरच थांबतं म्हणजे बहुतेक न्यूट्रललाच अडत असणार, आणि गुन्हेगार ते रेडिओचं बटण आहे.

त्याचं असं आहे की या गाड्यांच्या पेडलात एक नाही, दोन सेन्सर असतात. दोघांना वेगळी सप्लाय, वेगळी अर्थिंग, आणि बहुतेक पेडलांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, दोन्हीचा हिशोब सतत जुळवून बघतो, नाही जुळला तर त्याला वाटतं पेडल बिघडलंय, गाडी उधळेल, म्हणून तो इंजिन एका ठरावीक आरपीएमवर बांधून ठेवतो. तुमच्या मित्राने एकच बटण दोन्हीकडे जोडलं असणार, दोन्हीकडे सारखं व्होल्टेज, म्हणजे ईसीयूच्या लेखी ठार खोटं. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर पी २१३८ (पेडलाच्या दोन सेन्सरांचं जुळत नाही) किंवा त्याचा भाऊबंद कोड दिसेल. त्याच इंजिनाचं असली पेडल शोधा, कोरड्या डब्यात बसवा आणि लिव्हरची केबल त्या पेडलालाच बांधा. दिसायला हास्यास्पद दिसतं, खलाशी हसतील, पण चालतं.

पेडल झालं की ब्रेक आणि क्लचचे स्विच. ते नाहीत म्हणून वायरी लोंबत्या ठेवल्यात ना? काही ईसीयूंना ब्रेक दाबलेला आणि ॲक्सिलेटर पण दाबलेला असं दिसलं की ते डिझेल कापतात. तेव्हा डायग्राम बघून त्या वायरी ‘ब्रेक दाबलेला नाही’ अशा स्थितीत कायमच्या करून टाका, आणि ब्रेकला बहुतेक वेळा दोन स्विच असतात हे विसरू नका, एक उघडा एक बंद. तिसरं, स्पीडचा सिग्नल. गाडी उभी आणि इंजिन मात्र तासभर अडीच हजारावर, हे काही ईसीयूंना पटत नाही, ते वरची मर्यादा लावतात. त्यावर उपाय म्हणजे जाणकाराकडून ईसीयूच्या फाइलमध्ये ती अट काढून घेणं, नाहीतर खोटे स्पीड पल्स देणारी छोटी सर्किट मिळते ती लावणं. रेडिएटरच्या फॅनचा कोड येईल, येऊ द्या, त्याने काही बिघडत नाही.

इमोबिलायझरचं तुमचं झालं, पण दुसऱ्या कुणाला हा उद्योग करायचा असेल तर भंगारवाल्याकडून इंजिन, ईसीयू, चावी, चावीभोवतीची रिंग, इमोबिलायझरचा डबा, पेडल, रिले-फ्यूजचा बॉक्स आणि अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) एकाच गाडीचं एकत्र उचला. भंगारवाला घाईत कटरने हार्नेस कापतो. तिथे उभं राहून पाचशे रुपये जास्त द्या पण कापू देऊ नका. मी एकदा कापलेलं हार्नेस जोडत बसलो होतो, चार दिवस गेले, आणि शेवटी क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट निघाल्या.

आता अर्थिंग. गाडीत अख्खी बॉडी म्हणजे निगेटिव्ह, दिवा असो की गेज, वायर जवळच्या पत्र्याला मारली की काम झालं. फायबरच्या होडीला पत्राच नाही! म्हणून प्रत्येक गोष्टीला परतीची वायर बॅटरीपर्यंत आणावी लागते, एका जागी तांब्याची पट्टी लावून तिथे सगळ्या निगेटिव्ह गोळा करा. बॅटरीपासून सेल्फपर्यंत आणि ब्लॉकपर्यंत जाड केबल, दोन मीटरच्या आत असेल तर ३५ स्क्वेअर एमएम. मग मल्टीमीटरचं एक टोक ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर कुठेतरी थिंबल (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची टोपी) सैल आहे किंवा गंजलंय. सेन्सरांना ईसीयूकडून जाणारे ५ व्होल्ट पण बऱ्याचदा सामाईक असतात, एकाच्या प्लगमध्ये खारं पाणी गेलं की भलताच सेन्सर खराब असल्याचा कोड येतो आणि लोक भलताच सेन्सर बदलतात.

वायर कलईवाली घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आतून काळं पडत जातं. नुसतं पिळून टेप मारणं बंद. थिंबल नीट दाबा, वर गोंदवाली, गरम केली की आवळणारी श्रिंक ट्यूब. ईसीयू इंजिनाशेजारी नको, वर कोरड्या जागी, प्लगचं तोंड खाली आणि वायरीला खाली एक वळसा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून वळशातूनच टपकेल, प्लगात शिरणार नाही. त्याला सिलिकॉनने लिंपू नका, बऱ्याच ईसीयूंना हवा घ्यायला बारीक भोक असतं.

डॅशबोर्डचा मीटर गेला म्हणून ऑइल प्रेशरचा दिवा पण गेला, हे लक्षात आलंय का? ऑइल आणि टेंपरेचर दोन्हीला मोठ्ठा बझर लावा, इंजिनाच्या आवाजात दिवा कोण बघतो. चार्जिंगचा दिवा पण परत लावा, बऱ्याच अल्टरनेटरांना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो, बल्ब नाही तर चार्जिंग नाही. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच कधीही बंद करायचा नाही, व्होल्टेज उसळतं, अल्टरनेटरचे डायोड जातात, सोबत ईसीयू पण जाऊ शकतो. आधी चावी बंद, अर्धा मिनिट थांबा, मग मेन.

प्रश्न : आमच्या बोटीला जुन्या ट्रकचं इंजिन आहे, त्यात ईसीयू-बिसीयू नाही. सेल्फ मारला की फिश फाइंडर आणि जीपीएस दोन्ही बंद होऊन परत चालू होतात. – एक वाचक, हर्णै

उत्तर : तुमचं सुखाचं आहे. मेकॅनिकल पंपाला चालायला वायरच लागत नाही, फार तर बंद करायला एक सोलेनॉइड. खोल समुद्रात जाणाऱ्याला मी आजही हेच सुचवीन. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, तेवढ्यात बॅटरी नऊ-दहा व्होल्टवर येते आणि यंत्रं मान टाकतात. यंत्रांना वेगळी बॅटरी द्या, आणि मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले, जो चार्जिंग सुरू झाल्यावरच दोन्ही बॅटऱ्या एकत्र करतो. बोट २४ व्होल्टची असेल तर दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका, कन्व्हर्टर लावा.

प्रश्न : भिगवणला पक्षी बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी बोट करायचीय. मारुती ८०० चं पेट्रोल इंजिन स्वस्तात मिळतंय. वायरिंग सोपं पडेल ना? – एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : वायरिंग सोपं पडेल, आणि तरीही करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खालून रस्त्यावर निघून जाते, बोटीत बुडाशी साठते. गाडीचा सेल्फ, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर आतल्या आत ठिणग्या टाकत असतात, गाडीत त्याचं काही वाटत नाही. बोटीसाठी हे सगळे भाग ठिणगी बाहेर न पडणारे वेगळे मिळतात, शिवाय स्टार्ट करायच्या आधी चारेक मिनिटं बुडातली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर लागतो. हे सगळं घेतलंत तर स्वस्त इंजिन स्वस्त राहत नाही. वर लोक बसवायचेत तर सर्व्हे आणि परवाना आलाच, तिथे हे जुगाड दाखवणार कुठे? आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन घ्या, सेकंडहँड का असेना.