तीन केंद्रं, दोन औषधं, बरेच रुग्ण सेन्सॉर्ड (नजरेखाली होते तोवर मृत्यू झालेला नाही, पुढचं माहीत नाही): साधी लॉग-रँक, स्ट्रॅटिफाइड लॉग-रँक की गेहान-विल्कॉक्सन?

स्ट्रॅटिफाइड लॉग-रँक, केंद्रावर. लॉग-रँक म्हणजे दोन गटांच्या जगण्यात फरक आहे का हे प्रत्यक्ष आणि अपेक्षित मृत्यू ताडून बघणारी चाचणी; स्ट्रॅटिफाइड म्हणजे ती ताडणी प्रत्येक केंद्रात वेगळी करून मग बेरीज. आणि हे आकडे उघडायच्या आधी लिहून ठेवा. "तिन्ही लावून बघतो, चांगली येईल ती देतो" हे तुमचं वाक्य वाचून जुनं दुखणं ठसठसलं, म्हणून लिहायला बसले.

माझ्या पीएचडीच्या वेळी गाइडनी फर्मान काढलं, केंद्र आणि स्टेज (आजाराचा टप्पा) दोन्हींवर स्ट्रॅटिफाय कर. ११ केंद्रं, ४ स्टेज, म्हणजे ४४ खाने, रुग्ण ९६. रात्री बसून खानेवार प्रिंट काढली. सातव्या केंद्रात दुसऱ्या स्टेजचे दोनच रुग्ण, दोघेही नव्या औषधावर, तुलनेला दुसऱ्या औषधावरचं कुणीच नाही. त्यातले एक गेले. प्रत्यक्ष मृत्यू १, अपेक्षित मृत्यूही १, फरक शून्य, व्हेरियन्स (त्या फरकात योगायोगानं होऊ शकणारा चढउतार) शून्य. माणूस गेला आणि चाचणीच्या लेखी काही घडलंच नाही! असे खाने अर्ध्याहून जास्त. कागद पुढे ठेवला तर सर म्हणाले, "तू आकडेमोड कर, डिझाइन मी बघतो."

पी (औषधांत फरक नसतानाही योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता; सहसा ०.०५ च्या खाली हवी असते) आली ०.११. मग सरांना अचानक गेहानची चाचणी आठवली. आमच्या दोन औषधांच्या जगण्याच्या रेषा सुरुवातीला एकमेकींपासून लांब होत्या, दीड वर्षानंतर चिकटल्या. पी ०.०४. छापली गेली तीच.

गेहानच्या १९६५ च्या चाचणीत वजन म्हणजे त्या क्षणी रिस्कवर उरलेली, म्हणजे अजून जिवंत आणि नजरेखाली असलेली माणसं. म्हणून सुरुवातीचे मृत्यू जड पडतात, सेन्सॉरिंग बदललं की वजन बदलतं, आणि स्ट्रॅटिफाय केलं की मोठं केंद्र आणखी मोठ्यानं बोलतं. सुरुवातीचाच फरक महत्त्वाचा असेल तर पेटो-पेटो ही चाचणी घ्या, तिथे वजन जगण्याच्या अंदाजावरून येतं. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हडिफ (survdiff) फंक्शनला रो (rho) १ द्या. स्ट्राटा, म्हणजे केंद्रवार विभागणी, तिथेही चालतं.

तुमची केंद्रं तीनच, त्यामुळे ४४ खान्यांची रड तुम्हाला नाही. पण एका केंद्रात औषध तारत असेल आणि दुसऱ्यात मारत असेल तर बेरजेत दोन्ही खोडलं जातं. कापलान-मायर, म्हणजे जगण्याच्या रेषा, केंद्रवार काढून बघाच. अर्थ लावायला, चाचणी बदलायला नव्हे.

आणि हो, रँडमायझेशन (कुणाला कुठलं औषध हे चिठ्ठीनं ठरवणं) केंद्रवार झालं असेल तर केंद्रावर स्ट्रॅटिफाय करणं बरोबरच, तेवढ्यापुरते सर चुकले नव्हते. स्टेजचं मात्र प्रोटोकॉलमध्ये अक्षरही नव्हतं. ती कॉक्स मॉडेलमध्ये (मृत्यूच्या धोक्यावर अनेक घटकांचा परिणाम एकत्र मोजणारं मॉडेल) टाकू या, असं मी तेव्हाही म्हणत होते.