आमवातातला ‘आम’ आंब्याचा नव्हे

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: आईला आमवात निघाला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, सायटोकाइन वाढल्यामुळे सांधे सुजलेत. गावात मात्र जो तो सांगतो, ‘आमवात आहे, आम बंद करा’. म्हणून ऐन हंगामात तिचा आंबा तोडला. यातला ‘आम’ नेमका कोणता?

विदर्भात हे इतक्यांदा कानावर येतं की आता संताप होतो. आंब्याला ‘आम’ हिंदीत म्हणतात. आपला आंबा ‘आम्र’वरून आला. आमवातातला ‘आम’ हा निराळाच संस्कृत शब्द: कच्चा, न शिजलेला, न पचलेला. ग्रीकमधला ‘ओमॉस’, म्हणजे कच्चा, हा त्याचा सख्खा भाऊ. आंबा खाल्ल्याने आमवात होत नाही. आईला शुगर नसेल तर खुशाल खाऊ द्या.

खरी गंमत पुढे आहे. पोटात मुरडा येऊन चिकट पडायला लागलं की आपण ‘आव पडते’ म्हणतो. ती आव म्हणजे हाच आम! दोन स्वरांमधला ‘म’ मराठीत ‘व’ होतो: ग्राम-गाव, नाम-नाव, आमलक-आवळा, कोमल-कोवळा, श्यामल-सावळा. माझं तर ठाम मत आहे की ‘आमवात’ पोथीतून थेट उतरला. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरणच आहे. तो लोकांच्या तोंडी घडला असता तर ‘आववात’ झाला असता, आणि कुणाच्या ताटातला आंबा गेला नसता.

‘आम म्हणजेच सायटोकाइन’ असं छातीठोक लिहिणाऱ्या मंडळींचं मात्र मला मुळीच पटत नाही. ‘सायटोकाइन’ हा शब्द स्टॅनली कोहेन यांनी १९७४ साली रूढ केला. ‘किटोस’ म्हणजे पोकळ भांडं, त्यावरून पेशी. ‘किनेइन’ म्हणजे हलवणं. पेशींना कामाला लावणारी ही प्रथिनं. आयुर्वेदातला आम हा न पचता साचलेला दोष, तो पचवायचा नाहीतर जुलाब वगैरे देऊन काढून टाकायचा. सायटोकाइन दोष नव्हेत. ते नसतील तर साध्या जंतूशीही शरीराला लढता येणार नाही. आमवातात प्रतिकारशक्ती कमी होत नाही, ती आपल्याच सांध्यांवर उलटते. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही दोन सायटोकाइन सांध्याचं अस्तर सुजवत राहतात, हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेव आणतात. सकाळी तासतासभर मूठ वळत नाही ती या सुजेमुळे. इंटरल्यूकिन-६ यकृताला सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन बनवायला लावतं. आईच्या रिपोर्टात वाढलेला दिसतो तो हाच आकडा.

आणि जुलाब देऊन टीएनएफ निघत नाही. नव्वदच्या दशकात लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी या संशोधकांनी टीएनएफला अडवणारं प्रतिद्रव्य रुग्णांना दिलं, तेव्हा सूज उतरली. ‘आम काढतो’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर आईच्या डॉक्टरांनी दिलेली औषधं मध्येच सोडू नका. सांध्याचं हाड एकदा झिजलं की परत भरून येत नाही.