मग खरा मी कोणता?

"मॅडम, मी ढोंगी आहे का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. वय चौतीस, हाताखाली बारा जणांची टीम. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ऑफिसात मोजकं बोलणारे, शिस्तीचे. शाळेच्या मित्रांत नकला करून सगळ्यांना हसवून लोळवणारे. आणि वडिलांसमोर आजही 'हो', 'नाही'च्या पुढे न जाणारे. एका शनिवारी मित्रांचा दंगा रंगात असताना टीममधला एक मुलगा समोर येऊन उभा राहिला. सोमवारी तो म्हणाला, "सर, तुम्ही असे आहात हे माहीतच नव्हतं." त्या वाक्याने यांची आठवडाभराची झोप उडवली. 'असे' म्हणजे कसे?

नवी जबाबदारी अंगावर आलेली किंवा नव्या घरात, नव्या माणसांत गेलेली कितीतरी माणसं हाच प्रश्न घेऊन येतात. मधल्या काही काळात आपण काय केलं हे आठवतच नसेल, किंवा आपण आपले नाहीच असं सतत वाटत असेल, तर मी आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगते. यांचं तसं काही नव्हतं.

सत्रात फोन बंद ठेवावा असा माझा आग्रह असतो, पण वडील आजारी असल्याने यांना सूट दिली होती. दुसऱ्या भेटीत दोन फोन आले. पहिला ऑफिसचा. पाठ ताठ झाली, आवाज खाली उतरला: "आधी आकडे पाठवा, मग बोलू." दुसरा वडिलांचा. खांदे पडले, आवाज लहान मुलासारखा मऊ झाला. वडिलांनी एकच गोष्ट तीनदा विचारली असावी, कारण यांनी तेच उत्तर तीनदा दिलं, तितक्याच शांतपणे.

"यातला खोटा कोणता होता?" मी विचारलं.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "एकही नाही."

मला आणखी एक दिसलं होतं. दोन्ही वेळा समोरच्याने फोन ठेवेपर्यंत ते थांबले होते. स्वतःहून कट केला नाही. हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

माणसाला ओळखणारे जितके, तितके त्याचे सामाजिक 'मी', असं विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1890मध्येच लिहून ठेवलंय. माझाही अनुभव तोच. सगळीकडे एकसारखं वागणं म्हणजे प्रामाणिकपणा, असं मी मानत नाही. आजारी वडिलांशी कुणी टीम लीडरसारखं बोलायला लागलं, तर मला त्याची जास्त काळजी वाटेल.

पण 'सगळं ठीक आहे' म्हणून मी त्यांना घरी पाठवलं नाही. दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. कुठे होतो, कोणासोबत होतो, आणि तिथून निघाल्यावर हलकं वाटलं की जड. त्यांची खात्री होती, जड ऑफिसच निघणार. निघाले मित्र. त्या कंपूतला एकजण अडखळत बोलतो. वर्षानुवर्षं त्याची नक्कल होते, आणि ती सगळ्यात हुबेहूब करायचे हेच. "मला ते आवडत नाही मॅडम. पण नाही केली तर सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल."

चेहरे किती आहेत यापेक्षा कुठला भीतीपोटी चढवलाय, हे मला शोधायचं होतं. ते इथे सापडलं.

मग मी त्यांना अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. 2000 साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. खोलीतल्या जवळपास निम्म्याजणांनी तो टिपला असणार, असा विद्यार्थ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात टिपला होता जेमतेम पाव लोकांनी. आपल्यावर रोखलेले डोळे आपण दुप्पट मोजतो. हे ऐकून यांनी धीर करून टीममधल्या त्या मुलाला विचारलंही. त्याला आपलं वाक्य धड आठवत नव्हतं. "छान वाटलं होतं सर, एवढंच," म्हणाला.

शेवटच्या भेटीत ते मित्रांना भेटून आलेले होते.

"या वेळी नक्कल केली नाही. इतर करत होते तेव्हा हसलोही नाही."

"मग?"

"कुणाच्या लक्षातही आलं नाही." जरा थांबून म्हणाले, "त्याच्या आलं. निघताना बराच वेळ माझा हात धरून उभा होता."