कठडा पोखरणारा भुंगा

प्रश्न: आम्ही गिरगावात जुन्या चाळीत राहतो, गॅलरीचा कठडा लाकडी आहे. आठवडाभर एक मोठ्ठा काळा भुंगा त्याला खालून भोक पाडतोय, अगदी ड्रिल मारल्यासारखं गोल, सकाळी झाडलं तरी संध्याकाळी परत भुसा पडलेला. आणखी एक आहे तो तोंडासमोर येऊन घोंघावतो, मुलगी बाहेर जायलाच घाबरते. शेजारचे काका म्हणतात भोकात रॉकेल ओता. ओतू का?

उत्तर: नको ताई, थांबा जरा. तोंडासमोर घोंघावतो ना, तो नर, आणि त्याला नांगीच नसते. स्वतःचा एरिया सांभाळत असतो बिचारा, मध्ये येईल त्याच्या अंगावर धावून जातो, मग ती तुमची मुलगी असो की चिमणी. नांगी मादीला असते, पण मुठीत पकडल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही.

कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कमळात मात्र अडकून बसतो, हा कीर्तनातला दाखला ऐकला असेल तुम्ही, तो भुंगा हाच, फक्त पोखरण्याचं काम सगळं मादीचं. वाळवीसारखी ती लाकूड खात नाही हं, जबड्याने कुरतडून भुसा बाहेर टाकते, थोडं आत गेली की बोगदा वळवून लाकडाच्या रेषेने पुढे नेते. मग आत पराग आणि मधाचा गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडं घालायचं, भुशाचं पार्टिशन घालून खोली बंद, की पुढची खोली सुरू, चाळच म्हणा ना! काही जातींचं अंडं दीड सेंटिमीटरच्या वर जातं, कीटकांमधल्या सगळ्यात मोठ्या अंड्यांपैकी. पण पोळं नाही, राणी नाही, पिल्लंही मोजकीच, म्हणून एक घर रॉकेलने बुडवलं तर नुकसान बरंच होतं.

आणि कुंडीत वांगं लावलंय का? वांग्याच्या फुलात पराग मिठाच्या डबीसारखे बंद असतात, टोकाला बारीक भोकं. ही बाई फुलाला मिठी मारते, पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवते आणि पराग भसकन बाहेर पडतात, हे मधमाशीला जमत नाही. शेवगा, तूर, कृष्णकमळ, आणि मारुतीला वाहतो ती रुई, सगळीकडे हिचा हातभार असतो. कधी कधी फुलाला बुडाशी चीर पाडून मध चोरते तेही खरंच. भीमाशंकरच्या जंगलात तर यांची एक जात अमावास्येच्या काळोखातही उडते.

आता कठड्याचं. एका भोकाने तो पडणार नाही, पण तीच जागा पुढच्या पिढ्या परत परत वापरतात, बोगदे वाढत जातात, म्हणून दुर्लक्षही नको. ये-जा पूर्ण थांबली की भोक बुजवा आणि सगळ्या कठड्याला, खालच्या बाजूलासुद्धा, ऑइलपेंट मारा, रंगवलेलं लाकूड त्यांना फारसं आवडत नाही. जवळपास एका टोकाला पेर बंद असलेला वाळका बांबू आडवा बांधून ठेवा, आवडला तर तिथे जातील. कठडा आत्ताच हलत असेल तर मात्र भुंग्याची वाट बघू नका, आधी सुतार बोलवा.