व्हीएम रिस्टार्ट करायला सांगू नका

चोपड्याच्या जिनिंगवाल्या भाऊंची तक्रार थोडक्यात अशी : हिशेबाचं टॅली मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या व्हीएमवर (आभासी कॉम्प्युटरवर) आहे, ऑफिसातून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे तिकडची स्क्रीन इकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवतात. दुपारनंतर चित्र गोठतं, माउस हलतो पण क्लिक लागत नाही, मग ‘रीकनेक्टिंग’ची पाटी येते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र ठीक चालतं. व्हीएमवाले लाइनकडे बोट दाखवतात, लाइनवाले व्हीएमकडे.

भाऊ, नाव बदललं तर ही आमच्याच दालमिलची कहाणी आहे. मी जळगाव एमआयडीसीत हिशेब बघतो, नेटवर्कचं शिक्षण काही नाही, तेव्हा पुढचं सगळं अनुभवाचं समजा आणि हात लावण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. पासवर्ड, फायरवॉल, केबल वगैरे तुम्ही बघितलं असणारच, ते सोडतो.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते व्हीएम देणाऱ्यांचं हेल्पडेस्क. नाव घेत नाही. फोन केला की पलीकडून एकच उत्तर : ‘सर, रिस्टार्ट केलाय, आता चेक करा.’ आणि खरंच लागायचं! मालक खूश, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद. पण लागायचं कशामुळे, तर नवीन कनेक्शन जोडलं गेलं म्हणून. ते नुसती खिडकी बंद करून परत उघडली असती तरी लागलं असतं. रिमोट डेस्कटॉप तुटला म्हणून आतलं काम बंद पडत नाही. सेशन, म्हणजे तुमचं उघडं काम, तिकडे जिवंत असतो, टॅली उघडीच असते आणि त्याच युजरने परत गेलात की अर्धवट व्हाउचर जिथल्या तिथे सापडतं. रिस्टार्टने मात्र सगळ्यांचंच कापलं जातं. मार्च एंडला आमची दोन पोरं एंट्री करत असताना यांनी न विचारता रिस्टार्ट मारला, कंपनीचा डेटा उघडेना. रिपेअर करून उघडला, तर दिवसभराची विक्री गायब. बिलांच्या कार्बन कॉप्या घेऊन रात्री परत बसलो. तक्रार केली तर म्हणे, ‘रिक्वेस्ट तुमच्याकडूनच आली होती.’ तेव्हापासून तिकिटाच्या पहिल्याच ओळीत लिहितो : विचारल्याशिवाय रिस्टार्ट करू नये.

लाइनवाल्यांची तऱ्हा वेगळी. पोरगा येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो आणि म्हणतो, ‘भाऊ, स्पीड तं बरोबर येऊ राहिलं.’ येणारच. रिमोट डेस्कटॉपला स्पीड फारसं लागतच नाही. त्याला लागते न तुटणारी लाइन, आणि ते स्पीड टेस्टच्या आकड्यात दिसत नाही.

हॉटस्पॉटवर नीट चालतं म्हणता, म्हणजे व्हीएमवरचा माझा संशय जवळपास गेलाच. तरी पुरावा हातात ठेवा. व्हीएममध्ये इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजरचा ऑपरेशनल लॉग बघा. नोंदीचा नंबर २४ म्हणजे तुटलं, २५ म्हणजे परत जोडलं, ४० मध्ये कारणाचा कोड असतो. त्या वेळा तुमच्या गोठण्याच्या वेळांशी ताडून बघा. दर वेळी नुसतं तुटणं-जोडणंच दिसत असेल आणि मशीन मध्येच बंद पडलेलं नसेल, तर हाच कागद व्हीएमवाल्यांपुढे ठेवायचा.

आता माझा खरा संशयित : यूडीपी. नेटवर डेटा पाठवायच्या दोन पद्धती आहेत, टीसीपी आणि यूडीपी. २०१२ च्या सुमारास, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून, रिमोट डेस्कटॉप टीसीपीच्या जोडीला यूडीपीही वापरतो, पोर्ट (कनेक्शनच्या दाराचा नंबर) दोन्हीकडे ३३८९. सुरुवातीलाच यूडीपी लागलं नाही तर टीसीपीवर निमूट काम चालतं. पंचाईत होते ती यूडीपी लागतं पण पाकिटं (डेटाचे तुकडे) मध्येच गळतात तेव्हा. चित्र गोठतं आणि तुटल्याची पाटीही लवकर येत नाही. वरच्या निळ्या पट्टीतल्या सिग्नलच्या चिन्हावर क्लिक करा, यूडीपी चालू असेल तर तिथे तसं लिहून येतं. बंद करायचं तर ऑफिसच्या पीसीवर ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत), रिमोट डेस्कटॉप कनेक्शन क्लायंटखाली ‘टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट’ चालू करा आणि पीसी (पीसी हं, व्हीएम नव्हे!) रिस्टार्ट करा. विंडोज होममध्ये ही खिडकी नसते, तिथे रजिस्ट्रीतून करावं लागतं, ते कुणा जाणत्याकडून. आमचं नव्वद टक्के दुखणं इथेच गेलं. तुमचं जाईलच असं लिहून देत नाही.

एक वेगळी केस आहे. जोडल्यावर बरोब्बर ६५ सेकंदांनी तुटत असेल, पीसीवर विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती असेल आणि पलीकडे सर्व्हर २०१६ किंवा जुना असेल, तर तो २०२५ च्या सुरुवातीच्या अपडेटांचा घोळ आहे. मायक्रोसॉफ्टने तो मान्य करून नंतरच्या अपडेटमध्ये निस्तरला. पीसी अपडेट करा, बाकी काही करू नका.

उरलं एमटीयू, म्हणजे लाइनवरून जाणाऱ्या सगळ्यात मोठ्या पाकिटाचं माप. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर लाइनी पीपीपीओईच्या (युजरनेम-पासवर्ड टाकून लागणाऱ्या) असतात, त्यात पाकिटाचं माप १५०० वरून १४९२ वर येतं, वर व्हीपीएन (नेटमधूनच जाणारी खाजगी बंद वाट) असेल तर आणखी कमी. पिंगला (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघणाऱ्या कमांडला) ‘तुकडे करू नको’चा स्विच लावून १४६४ चं पाकीट पाठवा. ते जात असेल आणि १४७२ चं अडत असेल, तर माप १४९२ आहे, राउटरमध्ये तेवढंच भरा. क्लाउडवाले बहुतेक वेळा पिंग बंद ठेवतात, मग पलीकडून उत्तर येत नाही म्हणून घाबरू नका.

लाइटचंही बघा. पीसी इन्व्हर्टरवर असतो आणि फायबरचा डबा थेट प्लगवर. लाइटने क्षणभर डोळा मारला की डबा परत चालू होतो, पीसीला पत्ताच नसतो आणि शिव्या व्हीएम खातो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. डब्याचं लेबल बघून घ्या, सगळे बारा व्होल्टचे नसतात. वजनकाट्याच्या पावतीचा प्रिंटर रिमोटमधून जोडला असेल तर एक दिवस रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमधली प्रिंटर्सची खूण काढून चालवून बघा. आणि ३३८९ चा पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवला असेल तर आजच बंद करा, व्हीपीएनमधून जा. पोर्टचा नंबर बदलून सुरक्षित झालो असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. रात्रंदिवस पासवर्ड ठोकून बघणारे येतात आणि त्यातच खातं लॉक होऊन ‘कनेक्ट होत नाही’ची नवीच तक्रार उभी राहते.

आधी यूडीपी बंद करा, दोन-चार दिवस बघा, मग बाकीचं. सगळं एकदम बदललंत तर कशाने बरं झालं ते कळणार नाही. नाहीच जमलं तर लॉगमधल्या ४० च्या नोंदीतला कारणाचा कोड आणि गोठण्याची वेळ इथे टाका.